पडक्या वाड्यांत शिरण्याचा छंद: बिघडलं कुठे?

भटका_पेठकर
बंद पडलेल्या वास्तूंत हिंडायचं, फोटो काढायचे आणि निघून यायचं, हा छंद काहींना भिकारचोट वाटतो. जगात मात्र लोक त्यासाठी पैसे मोजतात. १९८६ च्या अणुदुर्घटनेनंतर ओस पडलेलं युक्रेनमधलं प्रिप्यात घ्या (२०२२ च्या युद्धापर्यंत तिथे सहली जायच्या), जपानचं हाशिमा बेट घ्या. आपल्याला एवढं लांब जायलाही नको, पुण्यात कसबा ते नारायण पेठ पायी फिरलं तरी पुरे.

माझं म्हणणं असं की याला नावं ठेवू नयेत. शनिवारवाड्यातले महाल १८२८ च्या आगीत गेले, आता तटबंदी आणि जोती पाहायची. जुनं पुणेरी घर आतून कसं असायचं ते या साध्या वाड्यांतच कळतं. तळखड्यावरचा (बुडाच्या दगडावरचा) सागवानी खांब, कडीपाट (तुळया आणि फळ्यांचं लाकडी छत), भिंतीतल्या देवळ्या, चौकातला आड. बिल्डरची पाटी लागली की सगळं ट्रकमध्ये. त्याआधी कोणी चार फोटो काढले तर त्रास कोणाला? काही उचलायचं नाही, फोडायचं नाही, एकट्याने जायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

माजघर
त्रास आम्हाला. बंद वाडा म्हणजे बेवारस वाडा नव्हे. आमच्याकडे सात वारस आहेत, पगडीचे भाडेकरू आहेत आणि दावा कोर्टात आहे, म्हणून कुलूप आहे. आत आजीचं कपाट तसंच आहे. त्याचा फोटो उदास गाणं लावून कोणीतरी टाकला होता, खाली शंभर जणांचे उसासे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ वाचा. घरात बेकायदा शिरल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

भटका_पेठकर
वाचलंय. त्यात गुन्ह्याचा, धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. फोटो काढणं यातल्या कशात बसतं?

माजघर
वकिली नंतर करा. उद्या तुमच्यातला कोणी माडीवरून खाली आला तर पोलीस आधी कोणाच्या दारात येतील? माझ्या.

ओळंबा
बांधकामातला माणूस म्हणून सांगतो, माडीवरून खाली येणं फार सोपं आहे. कौलं सरकली की पाणी थेट भिंतीच्या डोक्यावर. मातीत रचलेली भिंत भिजून जड होते, तग सोडते. कडीचं, म्हणजे छताच्या तुळईचं, टोक भिंतीत पुरलेलं असतं आणि ते नेमकं तिथेच कुजतं. खोलीच्या मधोमध उभं राहून पाहिलं तर लाकूड धडधाकट! त्यामुळे ‘आम्ही जपून पाय टाकतो’ याला काही अर्थ नाही, दिसतं ते टोक नाहीच. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला माणसांसकट कोसळला, चौघे गेले. धोक्याची पाटी तिथेही होती. पाटी वाचणं आणि ऐकणं यात पुण्यात पूर्वीपासून अंतर आहे.

नवखा
कात्रजच्या पेशवेकालीन नळात (जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्यात) कोणी उतरलंय का? उच्छ्वासातून, म्हणजे वरच्या हवेच्या झरोक्यातून, आत जाता येतं म्हणतात.

ओळंबा
नको. सांडपाणी झिरपलं असेल तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि तो वाढला की नाकाला वासच येईनासा होतो. वास गेला म्हणजे हवा चांगली, असं समजून लोक पुढे जातात.

जुना_बाजार
मूळ मुद्दा राहतोय. फोटो काढण्याने वाडा पडत नाही, पण फोटोखाली गल्लीचं नाव टाकलं की खांब जातो. कोरीव दारांना, जुन्या सागवानाला हॉटेलवाल्यांकडून आणि फार्महाऊसवाल्यांकडून मागणी आहे. कुलूप कुठलं, आत काय आणि भिंत कुठे खचली, तिन्ही माहित्या तुम्हीच फुकट देता. चोराला आणखी काय हवं? ‘काही उचलायचं नाही’ हा नियम तुमच्यापुरता, तुमच्या फॉलोअरांनी तो कुठे मान्य केलाय?

भटका_पेठकर
हे मान्य. ठिकाण टाकणं बंद व्हायला हवं. पण म्हणून जाणंच बंद करा म्हणाल तर पाच वर्षांनी फोटोही नसतील आणि वाडाही नसेल. @माजघर, तुम्ही तरी तुमच्या वाड्याची मापं घेऊन ठेवलीत का?

माजघर
नाही घेतली. विचारून आलात तर दार उघडीन. मे महिन्यात या, पावसात नाही. नुसता मोबाइल नको, मोजपट्टी आणि आलेखाचा कागद आणा, खणाखणाचा नकाशा काढा आणि एक प्रत मला द्या. कपाटाचा फोटो काढायचा नाही.

जुना_बाजार
सातांतल्या एकाने हो म्हटलं. बाकीच्या सहांचं काय?

माजघर
त्यांना विचारायला दावा संपावा लागेल.