तापीचं खरं दुखणं शेवटच्या टोकाला आहे

तापी, म्हणजे तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत पाइपलाइन, गॅसच्या दरावरून रखडली, हे मत मला पटत नाही. दराची घासाघीस चालूच राहते. प्रश्न वाटेचा आहे. तुर्कमेनिस्तानच्या गाल्किनिश क्षेत्रातून हेरात, कंदाहार, क्वेट्टा, मुलतान करत पंजाबच्या सीमेवरच्या फाजिल्कापर्यंत सुमारे १,८१४ किमी. वर्षाला ३३ अब्ज घनमीटर गॅस, त्यात आपला वाटा १४ अब्ज. डिसेंबर २०१५ मध्ये तुर्कमेनिस्तानात भूमिपूजन झालं, आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. फाजिल्काला गॅस अजून आलेला नाही.

‘पाकिस्तानलाही तोच गॅस हवाय, मग तो कशाला अडवेल?’ असं विचारलं जातं. पण आपण नळीच्या शेवटच्या टोकाला आहोत. मुलतानच्या पुढचा व्हॉल्व्ह फिरवला तर गॅस फक्त आपला तुटेल. एलएनजीचं (थंड करून द्रवरूप केलेल्या गॅसचं) जहाज निदान दुसऱ्या देशातून मागवता येतं, पुरलेली नळी वळवता येत नाही. अर्थात जहाजांचाही भरवसा नाही: २०२२ मध्ये रशियन करारातला, गेल या सरकारी गॅस कंपनीला मिळणारा पुरवठा तुटलाच, आणि दाभोळचं एलएनजी उतरवायचं टर्मिनल लाटरोधक बांधाअभावी कित्येक पावसाळे बंद राहिलं.

म्हणून माझा आग्रह साठवणीचा आहे. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूरु, पादूरला भूमिगत साठे केले. गॅससाठी तशी सोय आधी करा, मग तापीच्या वाटाघाटींना बसा.