शब्दचर्चा: ब्लूमर 'स्ट्रायकर' होता का, आणि 'मॅनेजर' म्हणजे नेमकं कोण?

लेखनिक
नमस्कार मंडळी. एका क्रीडा वार्षिकासाठी स्टीव्ह ब्लूमर या जुन्या इंग्लिश फुटबॉलपटूवर लेख लिहितोय. माहिती हाताशी आहे, घोडं अडलंय ते शब्दांवर. जन्म १८७४. डर्बी काउंटीकडून १८९२ मध्ये सुरुवात, १९०६ ला मिडल्सब्रो, १९१० ला परत डर्बी, १९१४ ला खेळणं थांबवलं. लीगमध्ये ३५२ गोल, इंग्लंडकडून २३ सामन्यांत २८. पुढे जर्मनी, हॉलंड आणि स्पेनमध्ये शिकवायला गेला.

मथळा दिला होता 'स्ट्रायकर ते मॅनेजर'. संपादकांचा शेरा आला, 'मराठी शब्द योजावेत'. म्हणून 'आक्रमक ते व्यवस्थापक' केलं. बायकोने वाचून विचारलं, हा तापट माणूस कुठल्या बँकेत लागला?

या दोन शब्दांशिवाय कॅप, ट्रान्सफर, इंटर्नमेंट आणि 'डेझी कटर' हेही अडलेत. सुचवा.

पेठकर
स्ट्रायकर पहिला काढा. मराठी घरात स्ट्रायकर म्हणजे कॅरमचा, त्याला पावडर लावायची असते. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर 'आक्रमक आला रे' असं ओरडणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आम्ही फॉरवर्ड म्हणतो. पेपरात 'आघाडीपटू' छापून येतं, तेही चालतंय. वाचताना अडखळत नाही.

जुनी वही
पेठकरदादा म्हणतात ते बरोबरच आहे, पण 'आघाडीपटू' घ्यायला आणखी एक कारण आहे. ब्लूमरच्या काळात आजच्यासारखा एकटा-दुकटा स्ट्रायकर पुढे उभा नसे. मागे दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच अशी मांडणी असायची. पुढच्या पाचांत दोघे कडेचे, दोघे आतले आणि एक मधला. ब्लूमर त्यातला आतला उजवा, म्हणजे इनसाइड राइट. स्ट्रायकर हा शब्द इंग्रजीत रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, ही पाचांची ओळ मोडल्यावर. म्हणजे ब्लूमरला स्ट्रायकर म्हणणं इंग्रजीतसुद्धा मागाहून चिकटवलेलं आहे. आपल्याकडे 'आघाडीची फळी' हा शब्दप्रयोग आयताच आहे आणि फळी म्हटली की एका ओळीत उभी असलेली माणसंच डोळ्यांपुढे येतात.

'इनसाइड राइट' मात्र तसंच ठेवा. 'उजवा आतला' लिहिलंत तर रेल्वेच्या आरक्षणाचा तक्ता वाटेल.

आणि लेखात ऑफसाइडबद्दल दोन ओळी घालाच. १९२५ पर्यंत नियम असा होता की पास मिळताना पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू हवेत. १९२५ ला ते दोन झाले आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. ब्लूमरची सगळी कारकीर्द तिनाच्या नियमातली. त्यातही त्याने पहिल्या, म्हणजे लीगच्या सर्वात वरच्या, विभागात ३१७ गोल केले आणि पाच हंगामांत तिथल्या सर्वाधिक गोलांच्या यादीत तो वर होता (त्यातल्या एकात दुसऱ्याच्या बरोबरीने). हे न सांगता नुसता आकडा दिला तर आजच्या वाचकाला त्याची किंमत कळणार नाही.

लेखनिक
आघाडीपटू पक्का. 'कॅप'चं काय करू? इंग्रजीत '२३ कॅप्स' लिहितात.

डर्बीवासी
नोकरीमुळे काही वर्षं डर्बीत आहे, म्हणून या धाग्यात डोकावलो. ही कॅप खरोखरची टोपी असते. देशाकडून खेळलं की फुटबॉल असोसिएशन मखमली, गोंडा लावलेली टोपी द्यायची, अजूनही देतात. त्यावरून सामन्यांची मोजदाद 'कॅप'मध्ये होऊ लागली.

पेठकर
'ब्लूमरने इंग्लंडसाठी २३ टोप्या घातल्या' असं छापा. संपादकांना पोलीस ठाण्यात जावं लागेल.

जुनी वही
मोजायचं असेल तिथे 'आंतरराष्ट्रीय सामने', वस्तूबद्दल बोलायचं असेल तिथे 'मानाची टोपी'. क्रिकेटवाल्यांनी 'पदार्पणाची टोपी' रुळवलेली आहेच. ब्लूमरचं पदार्पण तर घरच्याच गावी झालं, १८९५ मध्ये डर्बीला, आयर्लंडविरुद्ध. इंग्लंड ९-० ने जिंकलं, त्यात याचे दोन. पुढच्या वर्षी कार्डिफला वेल्सविरुद्ध पाच. पहिल्या दहाच्या दहा आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याने गोल केलेत.

प्रमाणबुवा
'ट्रान्सफर'ला सरळ 'बदली' असा सोपा मराठी शब्द असताना चर्चा कशाला?

पेठकर
बुवा, बदली तलाठ्याची होते. आणि फुटबॉलमध्ये बदली खेळाडू म्हणजे बाकावरचा. '१९०६ मध्ये ब्लूमरची बदली झाली' वाचून पोरं म्हणतील, कितव्या मिनिटाला?

जुनी वही
'क्लब बदलला' हेही नको, कारण बदलणारा तो नव्हताच. खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय तो लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकत नसे. वर १९०१ पासून पगाराला आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा. मिडल्सब्रोने १९०५ मध्ये आल्फ कॉमनसाठी सन्डरलंडला एक हजार पौंड मोजले, तेव्हा वर्तमानपत्रांत गहजब झाला होता. पुढच्याच वर्षी त्याच मिडल्सब्रोने ब्लूमरला ७५० पौंडांत घेतलं. चार पौंडांवर खेळणाऱ्या माणसाचा असा सौदा दोन क्लबांत होतो, त्याला बदली म्हणवत नाही. मी लिहिलं असतं, 'डर्बीने त्याला ७५० पौंडांना मिडल्सब्रोला दिलं.' क्रियापद सगळं सांगतं, नामाची गरजच नाही.

लेखनिक
वा, हे घेतो. आता मुख्य दुखणं, मॅनेजर.

प्रमाणबुवा
व्यवस्थापक. कोशात पाहा.

डर्बीवासी
कोशात असेल हो, पण माणूस कोण ते पाहू या. ब्लूमर खेळत होता तेव्हाचा इंग्लिश मॅनेजर म्हणजे बहुधा सेक्रेटरी-मॅनेजर. पत्रव्यवहार, सामन्यांच्या तारखा, रेल्वेची तिकिटं, खेळाडूंची नोंदणी, पगार हे त्याचं काम. शनिवारी कोणते अकरा खेळणार हे अनेक क्लबांत संचालक मंडळ ठरवायचं. डर्बीचे पहिले मॅनेजर हॅरी न्यूबोल्ड आधी क्लबचे सेक्रेटरीच होते. खेळाडूंकडून धावून घेणं, पाय चोळणं, दुखापतीवर मलम लावणं हे ट्रेनरचं काम. आणि चेंडू कसा मारावा हे शिकवणारा? तो जवळपास नव्हताच. खेळ उपजत असतो, पोराला काय शिकवायचं, अशी सर्वसाधारण समजूत. आठवडाभर चेंडूपासून दूर ठेवलं की शनिवारी खेळाडू चेंडूला भुकेला असतो, असंही मानणारे होते.

त्या काळच्या इंग्लंडमधल्या मॅनेजरला 'व्यवस्थापक' चपखल बसतं. बुवा अर्धे बरोबर आहेत.

प्रमाणबुवा
अर्धे का?

डर्बीवासी
कारण ब्लूमर त्या अर्थाने कधी मॅनेजर नव्हताच. इंग्लंडमधल्या कुठल्याही लीग क्लबने त्याला ते पद दिलं नाही. १९१४ च्या उन्हाळ्यात तो बर्लिनला ब्रिटानिया क्लबच्या खेळाडूंना शिकवायला गेला. पुढे ॲमस्टरडॅमला ब्लाउ-विट, मग १९२३ पासून स्पेनच्या उत्तर टोकाला, फ्रान्सच्या सीमेवरच्या इरुन गावात रेआल उनिऑन. १९२४ मध्ये त्या गावातल्या क्लबने अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला १-० ने हरवून कोपा देल रे ही स्पेनची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तिथे त्याचं काम शिकवणं आणि संघ उभा करणं हेच होतं. म्हणजे प्रशिक्षक. 'स्ट्रायकर ते मॅनेजर' मध्ये दोन्ही शब्द त्याला लागू पडत नाहीत.

लेखनिक
मथळाच गेला म्हणायचा.

जुनी वही
गेला तर जाऊ दे. पण इंग्रज खेळाडूंना शिकवायला परदेशी का जावं लागलं, ते याच शब्दांच्या भानगडीत दडलंय, ते सोडू नका. घरी ज्या कामाला पद नव्हतं, नाव नव्हतं, त्याला बाहेर मागणी होती. फ्रेड पेंटलंड घ्या, इंग्लंडकडून पाच सामने खेळलेला कडेचा आघाडीपटू. स्पेनमधल्या बिलबाओच्या ॲथलेटिक क्लबला त्याने १९३० आणि १९३१ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग आणि कोपा दोन्ही जिंकून दिल्या. डोक्यावर कायम गोल बोलर हॅट, म्हणून तिकडे त्याचं नावच 'एल बोंबिन' पडलं. १९२९ मध्ये माद्रिदला स्पेनने इंग्लंडला ४-३ ने हरवलं. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडची ती पहिली हार आणि स्पेनच्या तयारीत पेंटलंडचा हात होता.

असल्या इंग्रजांमुळे स्पेनमध्ये खेळाडू आजही प्रशिक्षकाला 'मिस्टर' म्हणतात, मग तो प्रशिक्षक अर्जेंटिनाचा का असेना. इटलीतही तेच.

पेठकर
हे झकास. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाचे, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम. कुस्ती शिकवणारा तो वस्ताद. पण त्याच तालमीच्या फुटबॉल संघाला शिकवणारा मात्र 'कोच'. वस्ताद शब्द आखाडा सोडून मैदानात आला नाही. मला कायम वाटतं, यायला हवा होता.

प्रमाणबुवा
मग आजच्या मॅनेजरला काय म्हणाल? इंग्लंडमध्ये तोच संघ निवडतो, तोच डाव आखतो. तिथे तरी व्यवस्थापक?

डर्बीवासी
तिथे तर मुळीच नको. त्या शब्दाचा अर्थ पालटायला मोठा हात हर्बर्ट चॅपमनचा. तोही आघाडीपटू, पण खेळाडू म्हणून बेताचा. हडर्सफील्डला १९२४ आणि १९२५ ची लीग मिळवून दिली, मग आर्सेनल. संघनिवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी, सगळी सूत्रं आपल्या हातात हवीत असा त्याचा आग्रह असे. ऑफसाइडचा नियम बदलल्यावर मधल्या हाफला, म्हणजे मधल्या तिघांतल्या मधल्याला, मागे बचावात ओढणं आर्सेनलमध्ये त्याच्याच काळात बसलं आणि ती जुनी पाचांची फळीही मोडायला लागली. चॅपमननंतरचा मॅनेजर आणि न्यूबोल्डचा मॅनेजर यांत नाव सोडून फार थोडं सारखं आहे.

जुनी वही
आपल्याकडेही हा घोळ झालाय. क्रिकेट संघाचा व्यवस्थापक म्हणजे जुन्या दौऱ्यांत भत्ता वाटणारा आणि सामान मोजणारा गृहस्थ. मग १९९० मध्ये बिशनसिंग बेदी 'क्रिकेट मॅनेजर' झाले आणि पुढे अझरुद्दीनच्या संघासाठी अजित वाडेकर. ते काम प्रशिक्षकाचं होतं, नुसतं नाव मॅनेजरचं. तेव्हाच्या मराठी वर्तमानपत्रांचे वाचक 'मॅनेजर वाडेकर' वाचून गोंधळले नाहीत, 'व्यवस्थापक वाडेकर' वाचून गोंधळले असते. म्हणून माझं मत असं: १९१४ पूर्वीच्या इंग्लंडसाठी 'व्यवस्थापक', युरोपातल्या ब्लूमर-पेंटलंडसाठी 'प्रशिक्षक', चॅपमननंतर 'मॅनेजर' जसाच्या तसा. एकाच लेखात तीन शब्द आले तर येऊ देत. तीन वेगळी कामं आहेत.

लेखनिक
मान्य. उरले इंटर्नमेंट आणि डेझी कटर. बर्लिनला पोचून ब्लूमरला काही आठवडेच झाले असतील तोवर युद्ध पेटलं आणि त्याला रुहलेबेनच्या छावणीत डांबलं. 'युद्धकैदी' लिहू?

प्रमाणबुवा
नाही. युद्धकैदी म्हणजे हाती लागलेला सैनिक. हे नागरिक होते. 'नजरकैद' घरातली असते. आणीबाणीत वापरलेला शब्द आठवा: 'स्थानबद्ध'. खटला नाही, शिक्षा नाही, नुसतं सरकारी हुकमाने एका जागी ठेवलेलं. तोच इथे नेमका बसतो.

जुनी वही
बुवांना शंभरपैकी शंभर. रुहलेबेन हे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. हजारो ब्रिटिश नागरिक तिथल्या तबेल्यांत राहिले, ज्या खणात घोडा बांधायचे तिथे माणसं झोपत. पेंटलंडही तिथेच होता. त्यांनी छावणीत स्वतःची फुटबॉल संघटना काढली, सामने लावले आणि चाळिशीचा ब्लूमर त्यांत खेळला. १९१८ मध्ये तो तिथून हॉलंडला गेला.

पेठकर
डेझी कटर म्हणजे जमिनीलगत, गवताच्या शेंड्याला घासत गेलेला फटका ना? मग 'सरपटी'. क्रिकेटमध्ये सरपटी चेंडू म्हणतोच की. गोलकीपरला वाकायला वेळ मिळत नाही. ब्लूमर दोन्ही पायांनी तसाच मारायचा म्हणे.

डर्बीवासी
हो, त्याची खासियतच ती. अंगाने किरकोळ, चेहरा फिकट, म्हणून 'पेलफेस' नाव पडलेलं. टोपणनावाचं भाषांतर करू नका, मराठीत आजारी वाटेल.

लेखनिक
मसुदा टाकतो, पाहा:

'आघाडीच्या फळीत इनसाइड राइटला खेळणारा ब्लूमर सरपटी फटक्यांसाठी ओळखला जाई. १९०६ मध्ये डर्बीने त्याला ७५० पौंडांना मिडल्सब्रोला दिलं. चार वर्षांनी, त्याचा जुना सहकारी जिमी मेथवन डर्बीचा व्यवस्थापक असताना, तो परतला आणि १९१२ ला संघ दुसऱ्या विभागात पहिला आला. १९१४ मध्ये प्रशिक्षक म्हणून बर्लिनला गेलेल्या ब्लूमरला जर्मनांनी रुहलेबेनला स्थानबद्ध केलं. दहा वर्षांनी त्याच्या हाताखाली तयार झालेल्या इरुनच्या संघाने रेआल माद्रिदला हरवून...'

इथे थांबलोय. 'कोपा देल रे'ला 'राजाचा चषक' म्हणू की 'करंडक'?

पेठकर
करंडक म्हटलं की नाटकाची एकांकिका स्पर्धा वाटते. कप म्हणा.

प्रमाणबुवा
चषक हा मूळचा मद्याचा पेला, हे लक्षात असू द्या. तरी वर्तमानपत्रांनी तो खेळाला देऊन टाकलाय, आता मागे घेता यायचा नाही. 'कोपा देल रे, म्हणजे राजाचा चषक' असं पहिल्यांदा लिहा, पुढे नुसतं कोपा. आणि इरुन मधला 'रु' ऱ्हस्व ठेवलात तो दीर्घ हवा, कारण स्पॅनिशमध्ये आघात त्याच अक्षरावर आहे.

जुनी वही
बुवा, आघात वेगळा आणि दीर्घत्व वेगळं. यावर स्वतंत्र धागा काढा, मी येते.