मदत हवी आहे: बुरशी जोरात वाढतेय पण प्लास्टिक जसंच्या तसं

मंडळी, प्रोजेक्टसाठी बुरशीने बायोडिग्रेडेबल प्लास्टिक कुजवायचा प्रयत्न चाललाय, पेट्रीडिशमध्ये ॲस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी लावलीय आणि वर पीएलएच्या (पॉलिलॅक्टिक ॲसिड, एक बायोडिग्रेडेबल प्लास्टिक) पातळ फिल्मचे नखाएवढे तुकडे ठेवलेत, ३० डिग्रीला. सहा आठवडे झाले, बुरशी मस्त हिरवट मखमलीसारखी पसरली पण तुकडा चिमट्याने उचलून धुतला की एकदम चकाचक, ओरखडासुद्धा नाही!

वाचलं त्यावरून पीएलए साधारण ६० डिग्रीच्या खाली काचेसारखं कडक असतं, त्यामुळे बुरशीच्या एन्झाइमला प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडायला वावच मिळत नाही, इंडस्ट्रियल कंपोस्टिंग ५८ डिग्रीच्या आसपास चालतं ते म्हणूनच. पण तेवढ्या उष्णतेत माझी बुरशीच मरेल ना? मग पीएलए सोडून सरळ पीबीएस (हेही बायोडिग्रेडेबल, पॉलिएस्टर प्रकारचं प्लास्टिक) घेऊ का? ही बुरशी क्युटिनेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडून पीबीएस तोडते (ते एन्झाइम मुळात पानावरचं क्युटिनचं आवरण फोडणारं, आणि क्युटिन म्हणजे पॉलिएस्टरच की), की आधी पीसीएलवर (तसलंच आणखी एक प्लास्टिक) हात बसवू?

दुसरं म्हणजे मीडियममध्ये (बुरशी ज्यावर वाढवतो त्या खाद्यात) ग्लुकोज आहे, मित्र म्हणतो आयतं ताट समोर असताना ती प्लास्टिकला तोंड कशाला लावेल. मुद्दा पटतोय, पण ग्लुकोज पूर्ण काढू की सुरुवातीपुरतं थोडं ठेवू?

आणि गंमत म्हणजे एका तुकड्याचं वजन चक्क वाढलं 😅 बुरशीचे धागे चिकटून राहिले असणार, ते फिल्म न फाटता कसे काढता तुम्ही लोक? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, सबमिशन डोक्यावर आलंय.