आकुर्डीतील एका साध्या रस्त्याचा इतिहास कोठे शोधावा?

विचारणा

आकुर्डी गावठाणाकडून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावर मी लहानाचा मोठा झालो, त्याचा इतिहास लिहिण्याचा माझा विचार आहे. तेथे वाडा नाही, स्मारक नाही. आहेत त्या चाळी, किराणा दुकाने, सायकल दुरुस्तीची एक टपरी आणि कारखान्यांच्या भिंती. १९७२ च्या दुष्काळात वडील मराठवाड्यातून येथे आले आणि पुढे आयुष्यभर याच रस्त्याने पाळीवर जात राहिले. त्यांच्या पिढीची माणसे आता एकेक करून जात असल्यामुळे मला हे काम लांबवायचे नाही. ‘शहरात नव्वद टक्के रस्ते असेच आहेत, त्यांचा कसला इतिहास?’ असे एका परिचिताने विचारले, ते मला फार लागले. सुरुवात कोणत्या कागदपत्रांपासून करावी?

प्रतिसाद १

मी भूमापनाच्या कामातून निवृत्त झालो आहे. माझ्या मते आपण गाव नकाशापासून सुरुवात करावी. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे जुने ग्रामीण रस्ते त्यावर दुहेरी तुटक रेषेने, तर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेले असतात. आपला रस्ता त्यावर सापडला, तर तो कारखान्यांच्या आधीपासून वहिवाटीत होता असे समजता येईल. न सापडल्यास तो वसाहतीच्या आखणीत निर्माण झाला असण्याची शक्यता अधिक आहे.

त्यानंतर रस्त्यालगतच्या गटांचे जुने सातबारे आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, पाहावी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि महामंडळासाठीचे भूसंपादन १९६१ च्या अधिनियमानुसार होत असे, त्यामुळे त्या अधिसूचना शासन राजपत्रात मिळतात. ज्या फेरफाराने एखाद्या शेतकऱ्याचे नाव कमी होऊन महामंडळाचे नाव लागले, ती नोंद दोन-तीन ओळींचीच असते. परंतु एका कुटुंबाची शेती कोणत्या दिवशी संपली हे तिच्यातून कळते. माझ्या नोकरीत अशा नोंदी मी पुष्कळ वाचल्या आणि त्या वाचून पान उलटणे मला कधीही सोपे गेले नाही. ही कुटुंबे आपल्या लेखनातून वगळली जाऊ नयेत, एवढी विनंती आहे.

प्रतिसाद २

वरील मार्गदर्शन मोलाचे आहे, मात्र केवळ जमिनीच्या कागदांवरून रस्त्याची वर्दळ कळणार नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये सुरू झाली, पुढे टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) आली, आकुर्डीत बजाजचा कारखाना उभा राहिला आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली. तिचीच १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. दिवाबत्ती, गटार आणि डांबरीकरण आपल्या रस्त्यावर केव्हा आले, हे सभांच्या इतिवृत्तांत पाहावे. ज्येष्ठांना विचारताना मात्र साल विचारू नये. ‘तुम्ही राहायला आलात तेव्हा रस्ता डांबरी होता का, पाणी कोठून आणत होता?’ असे विचारावे, म्हणजे माणसे भरभरून बोलतात. पाळी सुटल्यावर रस्त्यात सायकलींची इतकी दाटी होई की पलीकडे जाण्यासाठी थांबावे लागे, असे माझे सासरे सांगत. आकुर्डीतील दुचाकींचे उत्पादन २००७ मध्ये थांबले, तेव्हा खानावळी, चहाच्या टपऱ्या आणि भाड्याच्या खोल्या यांचे काय झाले, हे तेथील दुकानदारांना आवर्जून विचारावे.

प्रतिसाद ३

एक गोष्ट अद्याप कोणी मांडलेली नाही. देहूहून निघालेल्या तुकाराम महाराजांच्या पालखीचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो आणि नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या या सोहळ्याला तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. आपला रस्ता पालखीमार्गावर नसला, तरी त्या रात्री वारकरी आजूबाजूच्या घरांत, शाळांत उतरतात. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत वर्गणी काढून पिठले-भाकरी केली जात असे, आणि रात्रपाळीला निघालेले कामगार डबा घेण्याआधी दिंडीत वाढायला उभे राहत. हे कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही, म्हणून ते आपणच लिहून ठेवावे.

मूळ विचारणा करणाऱ्याचे उत्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. गाव नकाशाच्या नकलेसाठी मी याच आठवड्यात अर्ज करीत आहे. प्रतिसाद ३ वाचून आईला विचारले, तेव्हा आमच्या चाळीतही दिंडी उतरत असे आणि ज्या घरमालकाच्या अंगणात पंगत बसे, त्याची शेती पुढे वसाहतीत गेली, असे तिने सांगितले. त्या घरातील धाकटी सून अजून गावठाणातच राहते. फेरफार पाहण्याआधी मी त्यांच्याकडे जाणार आहे.