आईला दिसणारी माणसं फोटोत आणावीत की नाही?

पेठकरी

गेले पाच महिने मी एकच काम करतोय. माझ्या आईला जे दिसतं, ते फोटोत उतरवतोय. अकरा फोटो झालेत, बारावा चालू आहे. कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात तीन दिवस लावावेत असा विचार आहे. घरातच यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतो.

आई ७८ वर्षांची. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, वयानं खराब झालाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. दीड वर्षापूर्वी तिला परसातल्या भिंतीवर माणसं दिसायला लागली. वीतभर उंचीची, फेटे बांधलेली, ओळीनं बसलेली. हलतात, पण आवाज नाही. आठ महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. का, तर ‘येडी झाली म्हणशीला’. शेजारी कळलं तेव्हा बाहेरचं काहीतरी आहे म्हणून अंगारा आला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनीच नाव सांगितलं: चार्ल्स बॉनेट सिंड्रोम. या स्विस अभ्यासकानं १७६० मध्ये आपल्या आजोबांना दिसणारे भास लिहून ठेवले होते. त्यांचीही नजर गेलेली, डोकं मात्र ठणठणीत. डोळ्यांकडून येणारा मजकूर कमी झाला की मेंदूचा बघण्याचा भाग स्वतःहून चित्रं तयार करतो. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी असे भास होत असताना एमआरआय काढले, तेव्हा रंग दिसत असतील तर मेंदूतला रंगांचा भाग आणि चेहरे दिसत असतील तर चेहऱ्यांचा भाग खरोखर जागा झालेला सापडला.

मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. आईच्या खुर्चीशेजारी, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ट्रायपॉड लावला आणि परसाचा फोटो घेतला. गल्लीतल्या चार पोरांना फेटे बांधून पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं. मग फोटोशॉपमध्ये मधला भाग धूसर केला, खिडकीचे गज वाकवले, भिंतीवर माणसं बसवली. पहिला फोटो टीव्हीवर मोठा करून आईला दाखवला. ती सरळ बघत नाही, मान डावीकडे वळवून कडेनं बघते. बराच वेळ बघून म्हणाली, ‘ह्ये न्हवं. भित धुरकट दिसती, ते बराबर. पन ती मानसं धुरकट न्हाईत. तुजं त्वांड मला दिसत न्हाई रं, पन त्येंच्या फेट्याचा पीळ न् पीळ दिसतोय.’

मी माणसंही भिंतीसारखीच पुसट केली होती. त्या रात्री सगळं उलटं केलं. खरं ते पुसट, नसलेलं ते लख्ख. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की आईचं परस दाखवायचं तर कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटोच खोटा ठरतो. मूळ फोटोत फक्त भिंत आहे. आईचं म्हणणं त्यात कुठेच नाही.

तुम्हाला काय वाटतं, सांगा. विरोधातलंही सांगा.

जुना_कॅमेरा

काम मनापासून केलंय हे वाचतानाच कळतं. तरी माझा विरोध आहे.

मी तीस वर्षं वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले. २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी पुण्याहून बहिणीचा रडत फोन. तिला कुणीतरी आमच्या गल्लीचा फोटो पाठवला होता, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत पाणी चढवलेला. आमच्या दारात तेव्हा घोटाभर पाणी होतं. तेच कुणी हातानं काढलेलं चित्र असतं तर ती रडली असती का? फोटो म्हटलं की माणूस धरून चालतो, कॅमेरा तिथं होता आणि समोर हे होतं. तुम्ही याच विश्वासाच्या जोरावर नसलेली माणसं भिंतीवर बसवताय.

हातानं काढा ना! १८७० मध्ये ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरनं स्वतःच्या मायग्रेनमध्ये दिसणाऱ्या नागमोडी रेषा कागदावर काढल्या. दीडशे वर्षांनंतरही ती चित्रं अभ्यासली जातात. चित्रकार आबालाल रहिमानांनी आपल्याच गावात कोटितीर्थ तळं रंगवलं, त्या दिवशी पाणी नेमकं त्याच रंगाचं होतं का असं कुणी त्यांना विचारलं नाही. चित्राला ती मोकळीक आहे. फोटोला नाही, आणि नसावी.

महाद्वारवाला

जुना_कॅमेरा, फोटोला मोकळीक नाही हे पटत नाही. आमच्या आजोबांचा स्टुडिओ होता. निगेटिव्हवर पेन्सिलनं काम करून ते देवीचे व्रण घालवायचे. आणि जोडफोटो? नवरा वारला, दोघांचा एकत्र फोटो कधी काढलाच नाही, मग त्याचा कुठल्या तरी लग्नातला आणि बाईचा नवा काढलेला, असे दोन फोटो जोडून एकशेजारी एक बसवायचे आणि मढवून द्यायचे. अशा फोटोंनी जुन्या घरांच्या माजघराच्या भिंती भरलेल्या असायच्या. बाईला माहीत, पोरांना माहीत, पाव्हण्यांना माहीत. खोटं कुणीच म्हटलं नाही.

परदेशात तर १८५७ मध्येच ऑस्कर रेजलँडरनं तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक फोटो तयार केला होता. कॉम्प्युटर फार नंतर आला. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची.

जुना_कॅमेरा

तुम्हीच उत्तर दिलंत. सगळ्यांना माहीत होतं. कलादालनात दाराशी उभा राहणारा अनोळखी माणूस त्या घरातला पाव्हणा नसतो.

खडूफळा

मी शाळेत शिकवते. मला पंधरा वर्षं ऑरासकट मायग्रेन आहे, म्हणजे डोकं दुखायच्या आधी नजरेत गडबड सुरू होते. माझा विरोध जुना_कॅमेरांच्या कारणासाठी नाही. खोट्या फोटोंची मला भीती नाही. पण असे फोटो मी बरेच पाहिलेत आणि ते जवळपास सगळे चुकलेले असतात.

पहिली चूक काळ्या डागाची. जिथं दिसत नाही तिथं काळं दिसतं असं सगळे धरून चालतात. एकदा मी मध्यवर्ती बसस्थानकावर उभी होते. गाडीच्या पाटीवर गडहिंग्लज लिहिलेलं होतं, मला नुसतं ‘गड’ दिसलं. उरलेल्या जागी काळं नव्हतं, पांढरं नव्हतं, भोकही नव्हतं. पाटीच तेवढी होती. काही गेलंय हेसुद्धा मला लगेच कळलं नाही, म्हणजे बघा. हे फोटोशॉपमध्ये कसं दाखवणार? काही झाकलं की झाकलेलं दिसतं.

दुसरी चूक त्याहून मोठी. तुमच्या फोटोत बिघाड एका जागी बसलेला असतो आणि बघणारा त्याच्यावर डोळा लावून निवांत न्याहाळतो. मला तसं करता येत नाही. मी तिकडे बघायला गेले की तेही तेवढंच सरकतं. आणि ते वाढत जातं. सुरुवात मध्याजवळ होते, मग चमकणारी दातेरी कमान पसरत पसरत वीस-पंचवीस मिनिटांत कडेला जाऊन नाहीशी होते. १९४१ मध्ये कार्ल लॅश्ली या शास्त्रज्ञानं स्वतःच्या ऑराची नोंद ठेवून हिशेब केला, तर मेंदूच्या पृष्ठभागावर ती लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर सरकते असं निघालं. फोटो म्हणजे त्यातला एक क्षण उचलून भिंतीला ठोकलेला. माझ्या त्या वीस मिनिटांत सगळ्यात वाईट असतं ते ‘आता पुढे कुठे जाणार’ हे. ते त्यात येत नाही.

पेठकरी

खडूफळा, काळ्या डागाचं म्हणणं डोक्यात घुसलं. माझ्या पाचव्या फोटोत मी तेच केलंय, मध्ये काळपट डाग. आईनं त्यावर नुसतं ‘हूं’ केलं होतं आणि मी ते पसंतीचं धरलं.

काळाचं मात्र वेगळं वाटतं. पाच पाच मिनिटांच्या अंतरानं चार-पाच फोटो ओळीनं लावले तर? माणसाला चालत चालत बघावं लागेल.

खडूफळा

त्यानं वाढ कळेल. डोळ्याबरोबर सरकणं कळणार नाही. पण काळ्या डागापेक्षा हजारपट बरं.

मनाचा_अभ्यास

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. या वादाच्या अगदी जवळचा एक प्रयोग २०१७ मध्ये ससेक्स विद्यापीठात झालाय. गूगलनं २०१५ मध्ये डीपड्रीम नावाचा प्रोग्रॅम काढला होता, साध्या फोटोत कुत्र्यांची तोंडं आणि डोळे उगवायला लावणारा. त्यावरून त्यांनी चहूबाजूंनी बघता येईल असा व्हिडिओ केला आणि लोकांना व्हीआर हेडसेटमधून दाखवला. लोकांनी सांगितलेलं दृश्य भ्रम आणणाऱ्या द्रव्यांच्या अनुभवाशी बरंच जुळलं. पण अशा द्रव्यांनी वेळेचं भानही बदलतं, ते काही या व्हिडिओनं बदललं नाही.

मी यातून असं काढते की प्रतिमा दिसण्यापुरती पोचते. पेठकरींनी ‘आईला असं दिसतं’ म्हणावं, ‘आईला असं वाटतं’ म्हणू नये. आठ महिने गप्प राहून ती माणसं बघत बसणं कुठल्याही लेअरमध्ये येणार नाही.

चष्मेवाली

डोळे तपासणं माझं रोजचं काम आहे. मला एक गोष्ट राहून राहून खटकतेय आणि ती अजून कुणी काढली नाही. आईंनी फोटो तपासून दिले म्हणता. कुठल्या डोळ्यांनी? त्याच ना?

फोटोतली भिंत तुम्ही धूसर केलीत. आई ती धूसर भिंत आपल्या धूसर नजरेतून बघतात, म्हणजे ती दोनदा धूसर झाली. त्यांना बरोबर वाटायला खरं तर साधी स्वच्छ भिंत दाखवायला हवी, उरलेलं काम त्यांचा डोळा करेल. एल ग्रेको या चित्रकाराबद्दल हाच गोंधळ जुना आहे. त्यानं माणसं लांबुळकी काढली म्हणजे त्याच्या डोळ्यांत दोष होता, असं काही जणांनी म्हटलं. पण दोष असता तर कॅनव्हासही त्याला लांबुळका दिसला असता आणि दोन्ही एकमेकांत फिटून चित्र सरळच आलं असतं.

म्हणून आईंच्या ‘बराबर’ला धूसरपणाच्या बाबतीत पुरावा मानता येत नाही. फेट्यांचं वेगळं. ते त्या आठवणीतून आणि शब्दांत सांगतात, ते मी मानते.

पेठकरी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. चष्मेवाली, तुमचं बरोबर आहे. भिंत किती धूसर करायची हे मी माझ्या अंदाजानं ठरवलं आणि त्याला आईचं नाव दिलं.

पण गज वाकवले ते अंदाजानं नाहीत. डॉक्टरांनी सुरुवातीला आईला अ‍ॅम्सलर ग्रिडचे कागद दिले होते, चौकटी चौकटींचे, मध्ये ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा कुठं वाकतात ते पेन्सिलनं खुणावायचं. तेव्हा नजर आजच्यापेक्षा बरी होती. आई दर सोमवारी ते करायची. सतरा कागद तिच्या पोथीत घडी करून ठेवलेले सापडले. पहिल्यावर उजव्या बाजूला एक बारकी लाट आहे. शेवटच्यावर मधल्या चौकटी आत ओढल्यासारख्या, आणि पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलाय. गजांचा बाक मी त्या शेवटच्या कागदावरूनच घेतला.

रंकाळ्यावरून

वैज्ञानिक बरोबर-चूक बाजूला ठेवा. म्हाताऱ्या माणसाचं दुखणं कलादालनात टांगायचं, लोक त्याच्यासमोर सेल्फी काढणार, हे बघवत नाही. माझ्या आजीचा स्मृतिभ्रंश आम्ही घरात जपला, चार लोकांत आणला नाही.

पेठकरी

आईला सगळ्यात आधी मी हेच विचारलं. म्हणाली, ‘लाव की. माज्यागत कोन गप बसली आसंल, तर बोलंल तरी.’ जपणं म्हणजे काय, यावर आपलं मत वेगळं आहे. आठ महिने आम्हीही न कळत जपतच होतो.

उत्तरेश्वर

एवढं वाचून काल वडिलांना विचारलं. काचबिंदूनं त्यांची नजर खूप गेलीय. अंगणात कोणी दिसतं का, असं थेट विचारलं. आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, पोरं खेळतात, वर्षभर झालं, बघायला गेलं की नसतात. त्यांना वाटत होतं आपलं डोकं जातंय. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेतोय.

मी फोटोंच्या बाजूचा. पण मला फोटो लागलाच नाही हेही खरं. फेट्याचा पीळ न् पीळ, हे वाक्यच पुरलं.

जुना_कॅमेरा

उत्तरेश्वर, वडिलांना नक्की न्या.

पेठकरी, माझा आक्षेप निम्म्यावर आलाय, गेलेला नाही. ते सतरा कागद आधी लावा, दाराशीच. त्यावर आईंच्या हाताची पेन्सिल आहे, त्याला कुणी खोटं म्हणणार नाही. ते बघून आत आलेला माणूस फोटोंकडे वेगळ्या नजरेनं बघेल. आणि प्रत्येक फोटोशेजारी न बदललेला मूळ फोटो हवा, तेवढ्याच आकाराचा, खाली लहान कोपऱ्यात नको.

पेठकरी

कागद दाराशी, मान्य. मूळ फोटो शेजारी, तेवढाच मोठा, हेही मान्य. पाचवा फोटो काढून टाकला. धूसरपणाबद्दल पाटीवर स्पष्ट लिहितोय: भिंतीची धूसरता मुलाच्या अंदाजाची, गजांचा बाक आईच्या कागदावरचा, माणसं आईनं सांगितलेली.

एका बाबतीत मात्र मी हलत नाही. फोटोऐवजी चित्र काढा म्हणताय, ते मला नको. आईला ती माणसं चित्रातल्यासारखी दिसत नाहीत. परसातल्या भिंतीवर, खऱ्या उन्हात, कपडे वाळत घातलेल्या दोरीच्या मागे बसलेली दिसतात. पहिल्या दिवशी ती त्यांना हाकलायला काठी घेऊन उठली होती. चित्रावर कुणी काठी उगारत नाही.

बाराव्या फोटोचं काल आईला विचारलं. दोरीवर तिचंच हिरवं लुगडं आहे. ती म्हणाली, त्यातला डावीकडनं तिसरा माणूस उठून उभा कर, तो कधीच बसत न्हाई. आज संध्याकाळी त्या पोराला परत फेटा बांधायला बोलावलंय.