बिअरच्या बाटलीवर खऱ्या मालकाचं नाव का नको?

गोदाकाठ:
नाशिकमधल्या कुठल्याही बिअर शॉपीच्या फ्रीजसमोर उभे राहा, पंधरा-वीस नावं दिसतील. मालक शोधायला गेलात तर त्यातली बहुतेक तीन घरांत जाऊन बसतात. किंगफिशर, कल्याणी ब्लॅक लेबल, लंडन पिल्सनर ही युनायटेड ब्रुअरीजची, आणि जून २०२१मध्ये त्या कंपनीतला डच हायनेकेनचा वाटा ६१.५ टक्क्यांवर गेला. हेवर्ड्स ५००० आणि नॉकआउट आधी शॉ वॉलेसकडे होत्या. त्या सॅबमिलरकडे गेल्या, आणि २०१६मध्ये अख्खी सॅबमिलरच एबी इनबेव्हने घेतली. म्हणजे आज हेवर्ड्स आणि बडवायझर एकाच घरच्या. टुबोर्ग कार्ल्सबर्गची.

मालक परदेशी आहे म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार ही की आपण 'ही नको, ती द्या' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा पैसे त्याच गल्ल्यात जातात, आणि बाटली तसं सांगत नाही. किंगफिशरवर युनायटेड ब्रुअरीज लिहिलेलं असतं, हायनेकेन नाही.

मालक इतके कमी असले की काय होतं तेही आपण पाहिलंय. सप्टेंबर २०२१मध्ये स्पर्धा आयोगाने भाव संगनमताने ठरवल्याबद्दल युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्ग इंडियाला सुमारे १२१ कोटींचा दंड ठोठावला. तिसरी, एबी इनबेव्ह, स्वतःच माहिती घेऊन गेली म्हणून दंडातून सुटली. आयोगाच्या निष्कर्षानुसार हे २००९पासून २०१८पर्यंत चाललं, आणि ज्या राज्यांत चाललं त्यांत महाराष्ट्रही होता. कंपन्या अपिलात गेल्या तो भाग वेगळा. पण त्या काळात नाशिकमध्ये बाटली घेतलेल्या प्रत्येकाचा हा विषय आहे. मूळ मालकाचं नाव पुढच्या लेबलवर ठळक अक्षरात छापणं सक्तीचं करावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जमेल तिथे छोट्या ब्रुअरीची बिअर घ्यावी.

सातपूरकर:
पूर्ण असहमत.

मी कंपनीत शिफ्ट करतो. महिन्यात दोनदा आम्ही मित्र बसतो. स्ट्रॉंगची ६५०ची बाटली दोनशेच्या आसपास पडते, आणि ती आज जशी लागते तशीच पुढच्या महिन्यात लागते. याला काही किंमत आहे की नाही? पुण्यात मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देतात तिथे, गेलो तर एका ग्लासाला त्याहून जास्त मोजावे लागतात. वर तिकडे जाण्यायेण्याचा खर्च.

आणि 'स्थानिक' कशाला म्हणायचं ते एकदा ठरवा. बाटलीचं मागचं लेबल वाचा, बिअर कुठे बनली तो पत्ता तिथे बारीक अक्षरात असतो. या तिन्ही कंपन्यांच्या ब्रुअरी छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात आहेत. तिथे कामाला आपलीच माणसं आहेत. छोटी म्हणून तुम्ही जी सिंबा सुचवाल ती छत्तीसगडच्या दुर्गची. बिरा ९१ तर २०१५मध्ये आली तेव्हा बेल्जियममध्ये बनून येत होती, पुढे त्यात जपानच्या किरीनचे पैसे आले. मग तीन तासांवरची किंगफिशर परकी आणि दुर्गची सिंबा आपली, हे कुठलं गणित?

हॉप्सवेडा:
सातपूरकर, भावाचं तुमचं मान्य. चवीचं नाही.

मोठ्या कारखान्यातल्या लागरमध्ये, म्हणजे शॉपीतल्या नेहमीच्या बिअरमध्ये, बार्लीच्या जोडीला तांदूळ किंवा मका घालतात. त्यानं बिअर हलकी होते, खर्चही कमी. मग गाळून, पाश्चराइज करून बाटलीत भरतात, म्हणजे महिनोन्महिने टिकते. तुम्ही म्हणता ती 'तशीच चव' इथून येते. आता एकदा न गाळलेली गव्हाची बिअर प्या. ग्लासात गढूळ पिवळी दिसते, वर जाड फेस, आणि नाकाजवळ नेली की पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. यात केळंही नसतं, लवंगही नसते, हे सगळं यीस्टचं काम. पुण्यात डूलाली या मायक्रोब्रुअरीने २००९मध्ये ताजी बिअर द्यायला सुरुवात केली तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की बिअर अशीही असते.

मालकी बदलली की निर्णय घेणारे बदलतात, हा माझा मुख्य मुद्दा. शिकागोची गूज आयलंड ब्रुअरी २०११मध्ये एबी इनबेव्हने घेतली. कॅलिफोर्नियाची लागुनितास २०१५ ते २०१७मध्ये हायनेकेनकडे गेली. लेबलं तीच राहिली. कुठल्या बिअरला टाक्या द्यायच्या आणि कुठली बंद करायची, हे आता मुख्यालयात ठरतं.

सातपूरकर:
मालक बदलल्यानं बिअर बिघडतेच असं असेल तर पिल्सनर उर्केलचं काय? १८४२पासून चेक देशातल्या प्लझेन गावात बनते. सॅबमिलरकडे होती, २०१७मध्ये जपानच्या असाहीकडे गेली. आजही प्लझेनमध्येच बनते आणि लोक तिला मानतात. बिअर पिऊन बघा, मग बोला. सातबारा बघून चव ठरवू नका.

उलट शॉपीत ती कशी ठेवलीय ते बघा. हिरवी किंवा पारदर्शक बाटली उजेडात राहिली की हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घटकांवर प्रकाशाची क्रिया होऊन कुबट वास सुटतो. तपकिरी बाटलीत हा त्रास बराच कमी. आमच्याकडे उन्हाळ्यात क्रेट दुकानाबाहेर ऊन खात पडलेले मी पाहिलेत. तिथे मालक डच असो की नाशिकचा, बिअर वायाच जाणार.

पिंपळगावकर:
तुम्ही दोघंही ग्लासाच्या आतलं बोलताय. मी शेतकरी आहे, मला पाण्याचं बोलायचंय.

एक लिटर बिअरला कारखान्यात तीन-चार लिटर पाणी सहज लागतं. संभाजीनगरच्या त्या पट्ट्यातल्या उद्योगांना पाणी जायकवाडीचं. आणि जायकवाडी भरत नाही तेव्हा समन्यायी वाटपाच्या, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाणी सारखं वाटण्याच्या, नावाखाली आमच्या गंगापूर-दारणा धरण समूहातून पाणी सोडतात. २०१५ला सोडलं, २०२३ला सोडलं. मराठवाड्याच्या माणसाच्या पिण्याच्या पाण्याला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. पण २०१६च्या दुष्काळात मद्य उद्योगांचं पाणी ६० टक्के तोडायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. हा निर्णय कंपन्यांनी आपणहून का नाही घेतला? मालक दूर बसलेला असला की दुष्काळ त्याच्या दारात येत नाही. म्हणून गोदाकाठ यांना माझा पाठिंबा, कारण वेगळं असलं तरी.

दुसरं, बिअरची बार्ली येते राजस्थान-हरियाणातून, हॉप्स बहुतेक परदेशातून. नाशिकच्या शेतकऱ्याच्या हाती काय? वाइनचं तसं नाही. २००१च्या धोरणानं उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षाला नवा गिऱ्हाईक मिळाला.

हॉप्सवेडा:
पिंपळगावकर, वाइनमध्येही मालकी एकवटतेच आहे की. गंगापूरची यॉर्क वायनरी सुला या वाइन कंपनीने घेतली. दिंडोरीची शांदों वायनरी फ्रान्सच्या एलव्हीएमएच कंपनीची.

पिंपळगावकर:
एकवटू द्या. द्राक्ष इथलंच घ्यावं लागतं ना? करार करताना समोर माणूस असतो, भाव पडला तर त्याच्या गेटवर जाता येतं. बिअरच्या बाबतीत मी कुणाच्या गेटवर जाऊ?

गोदाकाठ:
सातपूरकर, शॉपीतल्या साठवणुकीचं तुमचं शंभर टक्के खरं. छोट्या ब्रुअरीची बिअर महाग पडते हेही खरं, आणि शिफ्ट करणाऱ्या माणसाला 'महागडी प्या' सांगायचा मला हक्क नाही. तो आग्रह मी सोडतो. लेबलचा सोडत नाही. अल्कोहोल किती टक्के ते छापावं लागतं, कुठे बनली ते छापावं लागतं, मग ती कंपनी शेवटी कुणाच्या ताब्यात आहे ही एक ओळ जड का व्हावी? त्यानं तुमची बाटली एक रुपयानंही महागणार नाही.

सातपूरकर:
एक ओळ छापायला माझी ना नाही. पण ती वाचून मी दुसरी बाटली उचलणार नाही, कारण त्या भावात दुसरी नाहीच. लहान कारखान्यांना परवाना शुल्क आणि अबकारीत सवलत द्या म्हणावं सरकारला, वाइनला दिली तशी. ती बिअर आमच्या शॉपीत अडीचशेपर्यंत आली, तर मी स्वतः घेऊन बघेन.

पिंपळगावकर:
सवलत द्यायचीच असेल तर पाणी पुन्हा वापरण्याची अट घालूनच द्यावी. नाहीतर माझा त्यालाही विरोध राहील.