स्प्रिंगचा ‘दर’ म्हणायचं की कडकपणा?

घाटवाट: जुन्या स्विफ्टला कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी, बसवतोय. गाडी पुढून ४० मिलिमीटर खाली येईल. गॅरेजवाला विचारतो, ‘स्प्रिंग कितीची मागवू?’ या ‘किती’ला मराठीत काय म्हणायचं? एका भाषांतरित लेखात ‘स्प्रिंगचा दर’ असं वाचलं.

शब्दवेडी: दुकानात ‘दर काय?’ विचारलंत तर किंमत सांगतील. :) ‘दर मिलिमीटरला चार किलो’ हे मात्र अस्सल मराठी. दर तिथे विशेषणासारखा येतो, नाम म्हणून नाही. नामच हवं असेल तर ‘ताठरता’ घ्या.

नटबोल्ट: ताठरता पुस्तकात शोभेल. गॅरेजात ‘चार किलोची’, ‘सहा किलोची’ एवढंच म्हणतात. हे स्प्रिंगचं वजन नव्हे. ती एक मिलिमीटर दाबायला तेवढे किलो लागतात, असा त्याचा अर्थ. जपानी किटवर आकडा असाच असतो. युरोपीय डब्यावर मिलिमीटरमागे न्यूटन असतात आणि अमेरिकन डब्यावर इंचामागे पौंड. म्हणजे ४ किलोची स्प्रिंग एकीकडे ३९ आणि दुसरीकडे २२४. नुसता आकडा बघून ऑर्डर देऊ नका.

खरा घोळ ‘कडक’ या शब्दात आहे. ‘जरा कडक करून दे’ म्हटलं की कोणी शॉकअपची खुंटी फिरवतो, कोणी स्प्रिंगखालची रिंग आवळतो. शॉकअप कडक केला तर स्प्रिंग दबायचा आणि उलगडायचा वेग कमी होतो. रिंग आवळली तर गाडी उचलली जाते, पण साध्या स्प्रिंगची ताठरता तीच राहते. चार किलोची चारचीच.

घाटवाट: मला ८ घ्यायला सांगितलंय. ‘कडक बसेल’ म्हणाले.

नटबोल्ट: बसेल, कंबरेत. हिशेब करू. आकडे धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे मोजून घाला. पुढच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगवर २७० किलो येतात आणि मूळ स्प्रिंग २ किलोची आहे असं समजा. उभ्या गाडीत चाक वर यायला ९० मिलिमीटर जागा आहे, म्हणजे ती संपायला १८० किलो जादा भार लागतो. गाडी ४० खाली आली की जागा उरली ५०. तीच स्प्रिंग ठेवलीत तर १०० किलोतच गाडी शेवटी अडवणाऱ्या रबरावर आपटणार. पुन्हा १८० सोसायचे असतील तर १८० भागिले ५०, म्हणजे ३.६. चारची घ्या. पुढे मॅकफर्सन (चाकाला थेट जोडलेला उभा शॉकअप आणि त्यावरच स्प्रिंग) असल्याने स्प्रिंग आणि चाक जवळपास सारखंच हलतं, म्हणून हा सरळ भागाकार चालतो.

शब्दवेडी: म्हणजे कडक स्प्रिंग लागते ती जागा कमी झाली म्हणून, रुबाबासाठी नव्हे?

नटबोल्ट: बरोबर. आणखी एक कारण आहे. मॅकफर्सनची गाडी खाली केली की ती ज्या बिंदूभोवती कलते तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. त्यामुळे स्प्रिंग तीच ठेवली तर वळणावर गाडी उलट जास्त कलू शकते. लोकांना हे पटत नाही.

आता हेलकावे बघा. २ किलोवर ही गाडी सेकंदाला साधारण १.४ वेळा हलते, ४ वर १.९ आणि ८ वर २.७ वेळा. दोनच्या आसपास रोज चालवता येते. २.७ ट्रॅकवर ठीक, शहरातल्या रस्त्यावर नको. शिवाय ८ ची स्प्रिंग गाडीच्या वजनाने जेमतेम ३४ मिलिमीटर दबते, म्हणजे खड्ड्यात चाक तेवढंच खाली जाईपर्यंत ती जमिनीवर भार देते. पुढे चाक अधांतरी.

कोपरखळी: स्पीडब्रेकरचं काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आमच्या कॉलनीत उंची पाळली आहे, रुंदी विसरले.

नटबोल्ट: तिथे स्प्रिंग काय करणार, पोट घासणारच. ४० ऐवजी २५ खाली करा.

घाटवाट: २५ चालेल. मग पुढे ६५ जागा उरते, म्हणजे ३ ची पुरे?

नटबोल्ट: २.८ येतात, ३ चालेल. हेलकावे १.७, घरच्यांनाही सोसतील.

घाटवाट: आणि मागे? तिथे तर मोठा आकडा सांगतात.

नटबोल्ट: मागे स्प्रिंग चाकाच्या अलीकडे, आडव्या बीमवर असते. चाक १०० हललं तर स्प्रिंग समजा ७५ हलते. हे प्रमाण दोनदा गुणायचं, कारण स्प्रिंग कमी दबते आणि तिचा जोरही तरफेमुळे चाकापर्यंत कमी पोचतो. ०.७५ गुणिले ०.७५ म्हणजे ०.५६. ४ ची स्प्रिंग चाकाशी सव्वादोनचीच ठरते. रिकाम्या गाडीत मागच्या कोपऱ्यावर १७० किलो धरले तर १.८ हेलकावे, पुढच्यापेक्षा किंचित जास्त. तसंच हवं. मागे तीन माणसं आणि सामान नेहमी असेल तर ५ घ्या.

शब्दवेडी: या ‘चाकाशी सव्वादोन’ला वेगळा शब्द आहे?

नटबोल्ट: ‘चाकाशी’ म्हटलं की आमच्याकडे समजतं. घाटवाट, किट मागवताना शॉकअप ३ आणि ४ साठीच जुळवलेले आहेत का ते विचारा. ८ साठी जुळवलेल्या शॉकअपवर ३ ची स्प्रिंग नीट उलगडत नाही. लागोपाठ खड्डे आले की गाडी खाली खाली बसत जाते.